एका पणजोबांचा दगड

वेल्सच्या ईशान्येला लँगोलन नावाचं एक छोटं गाव आहे. (कुणा वेल्श माणसासमोर हे नाव असं घेतलंत तर तो हसेल. त्यांचा जोड 'ल' म्हणजे जीभ आपल्या 'ल'सारखी लावायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. मी करून पाहिलं, घरच्यांना वाटलं मांजर फिस्कारतंय.) गावाबाहेर थोडं उत्तरेला गेलं की व्हॅले क्रूसिस नावाच्या मठाचे अवशेष आहेत, आणि तिथून जवळच एका शेतात गवताचं टेकाड. टेकाडावर एक दगडी खांब उभा आहे. वरून मोडलेला, खाली गोल, वर चौकोनी होत गेलेला. त्याला 'एलिसेगचा खांब' म्हणतात.

मुळात तो क्रूस होता. वरचा भाग केव्हाच गेला. त्यावर लॅटिनमध्ये 31 ओळी कोरलेल्या होत्या, त्याही गेल्या. बाराशे वर्षांच्या वेल्श पावसाने आणि दोनचार माणसांनी मिळून तो लेख असा काही पुसलाय की आज त्यातून काहीही लागत नाही. आणि तरी पॉविस नावाच्या जुन्या राज्याबद्दल जे काही थोडं आपल्याला कळतं त्यातला फार मोठा वाटा या कोऱ्या दगडाचा आहे. ते कसं, ते सांगतो. पण आधी पॉविस म्हणजे काय ते बघू.

इसवी सन 410 च्या सुमारास रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली. मागे राहिले ते तिथले मूळचे लोक, ब्रिटन्स. चारशे वर्षं रोमन अंमलाखाली काढलेले, बरेचसे ख्रिस्ती झालेले, त्यांच्यातले शिकलेले लॅटिन जाणणारे. पूर्वेकडून अँग्लो-सॅक्सन आले आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हे ब्रिटन्स पश्चिमेकडच्या डोंगरांत सरकत गेले, किंवा जिथे होते तिथेच राहून इंग्लिश झाले. (दुसरी गोष्ट बहुधा जास्त घडली असावी, पण ती कुठल्याच काव्यात नसते.) जे उरले त्यांना इंग्लिश लोक 'वेल्श' म्हणू लागले, म्हणजे परके! आपल्याच घरात परके. ते स्वतःला म्हणवतात 'कम्री', म्हणजे साधारण 'एका मुलखाचे, आपले लोक'.

या डोंगराळ मुलखात छोटी छोटी राज्यं तयार झाली. वायव्येला ग्विनेद, नैऋत्येला दावेद, आग्नेयेला ग्वेंट, आणि पूर्वेला इंग्लिशांच्या अगदी दाराशी पॉविस. पॉविस हे नाव लॅटिन 'पागुस'वरून आलं असं मानतात. पागुस म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख. ग्विनेदला पाठीशी स्नोडोनियाचे कडे आणि समुद्र होता. पॉविसला यातलं काहीच नव्हतं. त्याची चांगली जमीन सगळी पूर्वेकडे, सेव्हर्न नदीच्या सपाटीवर, आताच्या श्रॉपशरमध्ये. तिथेच रॉक्सेटर होतं, रोमन ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या चार शहरांपैकी एक. म्हणजे पॉविसचं जे काही वैभव होतं ते सगळं उघड्यावर होतं. या राज्याचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो या भूगोलात आहे.

पहिला मोठा घाव चेस्टरला बसला, इसवी सन 616 च्या सुमारास. वेल्श बखरीत साल 613 दिलंय. नॉर्थम्ब्रियाचा राजा एथेलफ्रिथ चाल करून आला आणि पॉविसचा राजा सेलिव तिथे पडला. सेलिव म्हणजे सॉलोमनचं वेल्श रूप, बायबलमधलं. या लढाईची हकीकत आपल्याला मिळते ती बीड या इंग्लिश साधूकडून, आणि ती वाचून माझं तरी मन खट्टू झालं. बॅंगोर नावाच्या मोठ्या मठातले साधू सैन्यासाठी प्रार्थना करायला रणांगणाच्या कडेला येऊन उभे राहिले होते. एथेलफ्रिथने विचारलं हे कोण. कळल्यावर म्हणाला, हे आपल्याविरुद्ध देवाला हाक मारतायत म्हणजे आपल्याशी लढतच आहेत, आधी यांना कापा. बीड आकडा देतो, सुमारे 1200 साधू मारले गेले आणि 50 निसटले. ब्रोखवाइल नावाचा जो सरदार त्यांच्या रक्षणाला ठेवला होता तो पहिल्याच हल्ल्यात पळाला.

बीड हा मोठा इतिहासकार, सज्जन माणूस. पण या कत्तलीवर त्याला एवढंच म्हणायचंय की बरं झालं, ब्रिटन्सनी इंग्लिशांना धर्म सांगायला नकार दिला होता त्याची ही शिक्षा. आणि मारणारा एथेलफ्रिथ स्वतः ख्रिस्ती नव्हताच! मेलेले सगळे ख्रिस्ती साधू. ज्यांच्याकडे लिहिणारा असतो त्यांच्या बाजूचा देव असतो, असं काहीतरी.

चेस्टरच्या दक्षिणेला हेरॉनब्रिज इथे 1930 च्या सुमारास काही सांगाडे सापडले होते. 2004 मध्ये तिथे पुन्हा खणलं तेव्हा ओळीने पुरलेले पुरुष मिळाले, डोक्यावर तलवारीचे वार असलेले. कार्बनच्या चाचणीत काळ जुळला. बहुधा ही याच लढाईतली माणसं.

पुढच्या दोन पिढ्यांत श्रॉपशरची सपाटी हातची गेली. इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वेल्श भाषेत नवव्या-दहाव्या शतकातली एक पद्यमाला आहे, हेलेद नावाच्या राजकन्येच्या तोंडी घातलेली. तिचा भाऊ कन्दलन मेला, बाकीचे भाऊ मेले, वाडा जळाला, आणि ती एकटी त्या वाड्याभोवती भटकत रडते. दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. मी इंग्रजी भाषांतरात वाचली तरी दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यात शत्रू उघडच इंग्लिश आहेत.

पण याच कन्दलनवर त्याहून जुनं एक मरणगीत आहे, बहुधा सातव्या शतकातलंच, म्हणजे माणसं प्रत्यक्ष आठवत असतानाचं. आणि त्यात कन्दलन मर्सियाच्या राजाच्या मदतीला धावून जातो असं दिसतं. मर्सिया, म्हणजे शेजारचं इंग्लिश राज्य! तो राजा पेंडा. त्या काळी पेंडा आणि वेल्श राजे मिळून नॉर्थम्ब्रियाशी लढत होते. म्हणजे कन्दलनच्या हयातीत मर्सियन हे दोस्त होते. दोनशे वर्षांनी, मर्सियन लोकांनी पॉविसला पुरतं जेरीस आणल्यावर, त्याच कन्दलनच्या मरणाला नवा अर्थ आला. कवी खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने आपल्या काळचं दुःख जुन्या माणसांच्या तोंडी घातलं, इतकंच. पण इतिहास म्हणून हेलेदची गाणी वाचणाऱ्याची त्यात पंचाईत होते खरी.

आता येऊ दगडाकडे.

कंगेन नावाचा राजा 808 मध्ये पॉविसच्या गादीवर आला. त्या साली त्याचा बाप कादेल वारला. कंगेनच्या नशिबी काय काय आलं ते वेल्श बखरीतल्या तुटक ओळींवरून कळतं. 814 च्या सुमारास त्याच्या एका मुलाचा, ग्रिफिदचा, सख्ख्या भावानेच दगा देऊन खून केला. खुनी भावाचं नाव एलिसेद. 822 मध्ये मर्सियाच्या सैन्याने उत्तरेचा देगान्वी किल्ला पाडला आणि पॉविसचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. बखर यापलीकडे अक्षर बोलत नाही. पुढे मर्सियाचीच घडी विस्कटली आणि पॉविसला जरा श्वास मिळाला.

अशा या राजाने, घर फुटलेलं आणि राज्य एकदा जाऊन आलेलं असताना, आपल्या पणजोबांसाठी हा क्रूस उभारला. पणजोबांचं नावही एलिसेद. दगडावर 'एलिसेग' पडलं ते कोरणाऱ्याच्या हातून किंवा नक्कल करणाऱ्याच्या डोळ्यांनी, आणि जगभर आता तेच चालतं. खुनी नातवाच्या बापाने... नाही, उलटं सांगतो, खुनी मुलाच्या बापाने त्याच नावाच्या पूर्वजाचं स्मारक करायचं म्हणजे मनात काय चाललं असेल? मुलाला नाव अर्थातच पणजोबांवरून ठेवलेलं असणार.

लेखात आधी वंशावळ आहे. कंगेन हा कादेलचा मुलगा, कादेल ब्रोखवाइलचा, ब्रोखवाइल एलिसेगचा. हा दगड कंगेनने पणजोबांसाठी उभारला. मग एलिसेगची कामगिरी, त्याने पॉविसचा वारसा तलवारीने आणि आगीने इंग्लिशांच्या हातून परत मिळवला. आठव्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट असावी. 757 मध्ये मर्सियाच्या राजाचा खून होऊन तिथे गादीवरून यादवी माजली, ती संधी एलिसेगने साधली असा एक तर्क आहे. त्या यादवीतून वर आला ऑफा, ज्याच्या नावाचा मातीचा लांबच लांब बांध आजही वेल्सच्या सीमेने दिसतो. आजही सुमारे 130 किलोमीटर उरलाय, खंदक वेल्सच्या बाजूला. एवढी माती माणसं हौसेने उपसत नाहीत. पलीकडे कुणीतरी त्रास देणारं असल्याशिवाय हे होत नाही, आणि त्या कुणीतरीमध्ये एलिसेगची माणसं नक्की असणार.

त्यानंतर लेखात एक विनंती आहे. हा हाताने कोरलेला लेख जो कुणी मोठ्याने वाचेल त्याने एलिसेगच्या आत्म्याला आशीर्वाद द्यावा. म्हणजे हा खांब नुसता बघायचा नव्हता, वाचून दाखवायचा होता. बहुधा जमलेल्या लोकांसमोर, त्या टेकाडावर उभं राहून. लॅटिन जाणणारा कुणी साधू वाचणार आणि बाकीच्यांना समजावून सांगणार.

आणि मग लेख मागे जातो, थेट रोमपर्यंत. इथे खरी मेख आहे.

383 मध्ये ब्रिटनमधल्या सैन्याने मॅग्नस मॅक्सिमस या आपल्या सेनापतीला सम्राट म्हणून जाहीर केलं. त्याच्या बाजूच्या लोकांनी पश्चिमेचा सम्राट ग्रेशन याला मारलं, आणि 388 मध्ये इटलीत मॅक्सिमसचाही शिरच्छेद झाला. रोमच्या इतिहासात तो एक फसलेला बंडखोर. वेल्श लोकांच्या आठवणीत मात्र तो आपला सम्राट. दगडावर लिहिलं होतं की या मॅक्सिमसची मुलगी सेविरा, तिने व्होर्टिगर्नपासून ब्रितू नावाच्या मुलाला जन्म दिला, संत जर्मेनसने त्याला आशीर्वाद दिला, आणि तिथून पॉविसचा वंश चालला.

व्होर्टिगर्न म्हणजे कोण? तर ब्रिटन्सचा तो राजा, ज्याने सॅक्सनांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावलं आणि देश बुडवला, अशी ज्याची ख्याती आहे तो. असा माणूस कुणी आपल्या वंशावळीत मिरवेल?

ही ख्याती त्या दिवसांत नव्याने पसरत होती आणि पसरवणारे शेजारीच होते. 829-30 च्या सुमारास, ग्विनेदच्या मेर्विन राजाच्या कारकिर्दीत, लॅटिनमध्ये 'हिस्टोरिया ब्रिटोनुम' नावाचा ग्रंथ तयार झाला. त्यात व्होर्टिगर्न म्हणजे भित्रा, बाईलवेडा, स्वतःच्या मुलीशी संबंध ठेवणारा. संत जर्मेनस त्याच्या पाठीमागे हात धुऊन लागतो आणि शेवटी आकाशातून आग पडून तो किल्ल्यासकट जळतो. आणि पॉविसच्या राजवंशाचं मूळ? तेही त्यात आहे, अगदी वेगळं. एका दुष्ट राजाचा कादेल नावाचा नोकर होता. राजाने जर्मेनसला दारात उभं केलं नाही, तर या गरीब नोकराने आपलं एकुलतं एक वासरू कापून संताला जेवू घातलं. सकाळी पाहतो तर वासरू आईजवळ जिवंत! रात्रीत दुष्ट राजाचा किल्ला जळाला, संताच्या आशीर्वादाने नोकराचा राजा झाला आणि त्याचे वंशज पॉविसवर राज्य करू लागले.

गोष्ट गोड आहे. पण कंगेनच्या जागी बसून ऐका. शेजारच्या दरबारात बसलेला कुणी लिहितोय की तुमचा मूळपुरुष घरगडी होता, आणि तुम्ही ज्याला पूर्वज म्हणता तो देशबुडवा पापी होता. तेच संत जर्मेनस दोन्हीकडे. इकडे ते शाप देतात, तिकडे दगडावर आशीर्वाद. मला तर वाटतं हा खांब म्हणजे एका परीने उत्तरच आहे. ग्रंथ आधी की दगड आधी हे सोडा, हा वाद त्या दोन दरबारांत चालू होता हे उघड आहे. आणि वाद नुसता पूर्वजांचा नव्हता. काही वंशावळींप्रमाणे मेर्विनची राणी नेस्त ही कंगेनची सख्खी बहीण. म्हणजे ग्विनेदचा युवराज रोद्री हा कंगेनचा भाचा, आणि पॉविसच्या गादीवर त्याचा डोळा. अशा वेळी पणजोबांनी हा मुलूख तलवारीने कमावलाय, आणि आम्ही सम्राटाच्या मुलीची लेकरं आहोत, हे उघड्यावर, दगडात, सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवणं म्हणजे सातबारा दारावर लावण्यासारखं आहे.

(आमच्या घरीही एका काकांनी कष्टाने काढलेली वंशावळ आहे. पाच पिढ्यांपर्यंत कारकून, मास्तर, भिक्षुक वगैरे नेहमीची मंडळी आहेत. त्यामागे गेलं की सगळे एकदम शूर आणि थोर व्हायला लागतात. काका हे वाचतायत याची मला कल्पना आहे.)

सातबारा काही कामी आला नाही. 853 मध्ये मर्सियाचा बर्ग्रेड आणि वेसेक्सचा एथेलवुल्फ दोघे मिळून वेल्सवर चालून गेले आणि वेल्श राजांना नमवलं. पुढच्या एक-दोन वर्षांत बखरीत एक छोटी नोंद आहे, पॉविसचा राजा कंगेन रोममध्ये वारला. जवळजवळ पन्नास वर्षं गादीवर काढलेला म्हातारा, राज्य सोडून चालत, होडीत, घोड्यावर, डोंगर ओलांडून रोमला गेला आणि तिथेच मेला. काशीला गेल्यासारखं. गंमत म्हणजे त्याला हरवणारा एथेलवुल्फही 855 मध्ये रोमच्याच यात्रेला निघाला.

कंगेनला मुलं होती, वंशावळीत त्यांची नावं आहेत, पण गादी त्यांच्याकडे गेली नाही. पॉविस रोद्रीने घेतलं. पुढे त्याला वेल्श लोक 'थोरला रोद्री' म्हणू लागले. 878 मध्ये तोही इंग्लिशांच्या हातून पडला. पॉविस हे नाव मग दोनशे वर्षं जवळपास झाकलं गेलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस ते दुसऱ्या घराण्याबरोबर पुन्हा वर आलं, 1160 मध्ये मॅडॉग राजा वारल्यावर दुभंगलं, आणि 1201 मध्ये त्याच्या नातवाने त्या क्रूसाच्या खोऱ्यात मठ बांधला. व्हॅले क्रूसिस म्हणजे क्रूसाचं खोरं. तो क्रूस म्हणजे आपला हाच.

सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या वेळी खांब पाडला गेला आणि मोडला. 1696 मध्ये एडवर्ड ल्हुइड तिथे आला. हा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख, झाडं, जीवाश्म, जुन्या भाषा, सगळ्यात नाक खुपसणारा. आडव्या पडलेल्या दगडावर बसून त्याने जेवढी अक्षरं लागली तेवढी उतरवून घेतली. तेव्हाच मधल्या कित्येक ओळी तुटक झाल्या होत्या. त्याचा मूळ कागदही हरवला! उरल्या त्या त्याच्या दोन नकला. वर जे मी एवढं रंगवून सांगितलं ते सगळं, नाहीशा झालेल्या लेखाच्या हरवलेल्या कागदाच्या नकलेवरून. ल्हुइडला त्या दिवशी पाऊस लागला असता आणि तो लँगोलनच्या खाणावळीतच बसून राहिला असता तर एलिसेग हे नुसतं वंशावळीतलं एक नाव राहिलं असतं.

1779 मध्ये तिथल्या एका जमीनदाराने उरलेला तुकडा पुन्हा उभा केला, आणि तसं दगडावर कोरूनही ठेवलं, स्वतःच्या नावासकट. तेव्हा टेकाड उकरलं होतं आणि आत दगडी पेटीत सांगाडा मिळाला होता. नंतरच्या एका वृत्तांताप्रमाणे त्याची कवटी सोन्याचा मुलामा देऊन परत पुरली. लोकांना अर्थातच वाटलं हाच एलिसेग. 2010 ते 2012 मध्ये बॅंगोर आणि चेस्टरच्या विद्यापीठांनी टेकाड नीट खणलं, तेव्हा ते ताम्र-कांस्ययुगातलं निघालं, जाळलेल्या हाडांच्या पेट्या असलेलं. म्हणजे कंगेनने पणजोबांचा क्रूस उभा केला तेव्हा ते टेकाड अडीच हजार वर्षांचं तरी जुनं होतं, आणि आपल्या पूर्वजांसाठी त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी पूर्वजांची जागा उचलली होती.

लेखाच्या शेवटी शेवटी राजांच्या गर्दीत एक साधं नाव येतं, कॉनमार्ख. आपल्या राजाच्या सांगण्यावरून हे अक्षर मी काढलं, असं तो म्हणतो. लॅटिन क्रियापद 'रंगवलं' असं आहे, त्यावरून अक्षरांत रंग भरला होता असं काही जणांना वाटतं. राजा, सम्राट, संत किंवा त्यांच्या घराण्यातला नसलेला असा हा माणूस.

1974 मध्ये वेल्समध्ये नवे जिल्हे केले तेव्हा पॉविस हे नाव एका मोठ्या जिल्ह्याला दिलं. त्यात ब्रेकनॉकचा मुलूख आला, जो कंगेनच्या काळी वेगळंच राज्य होता. एलिसेगचा खांब मात्र पॉविसमध्ये नाही. तो डेनबीशरमध्ये येतो.